शेंडा खुडायचा दिवस

नागपूरहून परत आलो, पाय धुतले, पांढरा शर्ट दांडीवर टाकला आणि सरळ मागच्या अंगणात गेलो. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाऊन यायचं आणि परतल्यावर त्याच संध्याकाळी डेलियाची कलमं कुंड्यांत लावायची, असा आमच्या घरचा नेम आहे. नेम खरं तर शीलाचा, माझ्या बायकोचा. मी त्यात फक्त पिशवी धरायला असायचो. यंदा पिशवी धरायला मी, आणि कलमं लावायलाही मीच.

हिंगणघाटला ऑक्टोबर म्हणजे पाऊस गेलेला आणि थंडीचा पत्ता नाही. दुपारचं ऊन पाठीला चटका देतं. सोयाबीन निघालेलं असतं, त्यामुळे आमच्या लेआउटच्या पलीकडच्या शेतांतून कुटाराचा, मळणीनंतरच्या भुशाचा, वास येत राहतो. पण सहा वाजले की हवेत थोडी नरमाई येते, आणि डेलियाला तेवढीच पुरते. पेरूच्या सावलीत रेतीच्या पसरट टोपल्यात कलमं महिनाभर उभी होती. चमच्याच्या दांड्यानं एकेक उचललं. खाली शेवयांसारखी पांढरी मुळं. नऊच्या नऊ कलमांना मुळं धरली होती. माझ्या हातून हे घडलं याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही असं नाही. पण तो सांगायला मी मागे वळलो, आणि मागे पाण्याच्या टाकीशिवाय काही नव्हतं.

गेल्या वर्षी एका कुंडीतल्या झाडाचा शेंडा मी मुद्दाम खुडला नव्हता. त्यापायी मी शीलाला जे बोलून बसलो, ते वर्षभर घशात अडकलंय. कलमं लावताना वाटलं, कुठेतरी एकदाचं लिहून टाकावं.

शीला सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स होती. लग्नाच्या आधीपासून, आणि नंतरही जवळजवळ तीस वर्षं. तिथल्या क्वार्टरच्या माळीबुवांनी तिला डेलियाची एक काडी दिली होती, पिकल्या जांभळाच्या रंगाच्या फुलाची. लग्न होऊन हिंगणघाटला आली तेव्हा ती कुंडी एसटीत मांडीवर घेऊन आली. माझ्या आईनं विचारलं, "याले वास येते का?" शीला म्हणाली, "नाई." "मंग खायच्या कामी येते का?" "नाई." आई माझ्याकडे बघून म्हणाली, "घे बापा, तुयासारखंच हाये." त्या दिवसापासून सासू-सुनेचं जमलं ते जमलंच, आणि माझी आमच्या घरातली जागा कायमची ठरून गेली.

तिची एक पद्धत होती. कंद कोणाला द्यायचा नाही, काडी मात्र मागेल त्याला द्यायची. वॉर्डातल्या नर्सा, एसटीतल्या सोबतिणी, विहारातल्या बायका, सगळ्यांकडे तिच्या काड्या गेल्या. काडी पेराच्या खाली कापायची, कारण पेर जमिनीत गेलं तरच पुढच्या वर्षासाठी कंद धरतो. रेती वणा नदीचीच हवी. एकदा मी शेजारच्या बांधकामावरून घमेलंभर आणली, तर तिनं चिमूट उचलून बोटांत चोळली आणि माझ्यासमोर खाली सोडली. "अजी, हे रेती नोय, धूळ हाये. मास्तर झाले अन् रेती वळखू येत नाई तुमाले." मग रविवारी सायकलला पिशवी अडकवून मला नदीवर जावं लागलं.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचो. वनस्पतींच्या वाढीचा धडा दरवर्षी यायचा. मी फळ्यावर झाड काढायचो, वरच्या टोकाला गोल करायचो आणि सांगायचो, हा शेंडा बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. शेंडा खुडला की खालचे डोळे फुटतात, झाड पसरतं, फुलं पुष्कळ येतात पण उशिरा येतात. नाही खुडला तर झाड सरळ वाढतं आणि एक फूल लवकर येतं. हे मी इतक्या वर्षांत इतक्या पोरांना सांगितलं, पण माझ्या हातानं एक शेंडा खुडला नव्हता. घरी तिला ते शास्त्र समजावून सांगायला लागलो की ती कुंडीवर वाकलेली असायची आणि न वळता म्हणायची, "पोरायले शिकोता ना, सोताच्या हातानं करा बरं एकडाव." मी म्हणायचो, पुस्तकात असंच आहे. ती म्हणायची, झाडानं पुस्तक वाचलं नाई.

खुडताना ती कात्री कधी वापरत नसे. डेलियाचं देठ पोकळ असतं, कात्रीनं उघडं पडतं, पाणी शिरलं की सडतं. अंगठ्याच्या नखानं कोवळा शेंडा टक्कन मोडायचा. त्या दिवशी तिच्या नखाच्या कडेला हिरवा रंग असायचा आणि त्याच हातानं ती पोळ्या लाटायची. मी त्यावरही बोलायचो. आता आठवतं तेव्हा मला स्वतःचा राग येतो, की माणूस किती बारीकसारीक गोष्टींवर बोलत बसतो.

गेल्या वर्षी पावसाळ्यात तिचं जेवण तुटलं. पाठ दुखायची, डोळे पिवळे पडले. तपासण्या झाल्या. ज्या दवाखान्यात ती आयुष्यभर कामाला गेली तिथंच ती आता खाटेवर होती आणि ओळखीच्या पोरी येऊन तिचा हात धरून उभ्या राहायच्या. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. ते हळू आवाजात म्हणाले, "सर, दिवाळी बहुतेक नीट जाईल. त्यापुढचं मी काही सांगू शकत नाही." मी आत आलो आणि शीलाला म्हणालो, रिपोर्ट बरा आहे, औषधानं उतार पडेल. तीस वर्षं नर्स असलेल्या बाईला मी हे सांगत होतो. तिनं मान हलवली. म्हणाली, "हव, बरा हाये." तिनं मला खोटं बोलू दिलं. मला तेव्हा वाटलं, तिला पटलं.

दसऱ्याला नागपूरला जाणं शक्यच नव्हतं. ती म्हणाली, तुमी एकटे जाऊन या. मी गेलो नाही. घरीच तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून वंदना घेतली. तिचा आवाज अर्ध्यावर थांबला, पुढचं मी एकट्यानं म्हटलं. संध्याकाळी मागच्या अंगणात प्लास्टिकची खुर्ची टाकली, तिच्या पाठीला उशी लावली. ती सांगत होती, मी करत होतो. काळी माती एक भाग, रेती एक भाग, शेणखत एक भाग. "दाबू नोका, थपथप करा. पोराले थोपटता तसं." पहिल्या पानाच्या जोडीपर्यंत खोल लावायचं. झारीनं पाणी घालायचं, तेही कडेकडेनं. नऊ कुंड्या लावून झाल्या तेव्हा माझी कंबर मोडली होती आणि ती हसत होती. "आता कोठी तुमी जीवशास्त्राचे मास्तर झाले," म्हणाली. त्या संध्याकाळी मी खूश होतो. हे मला लिहायलाच हवं, की त्या आजारपणातही एक संध्याकाळ अशी होती.

दिवाळीच्या सुट्टीत प्रज्ञा, आमची मुलगी, पुण्याहून आली. आठ दिवस राहून गेली. जाताना आईच्या गळ्यात पडून रडली आणि आईनंच तिची समजूत काढली. ती गेल्यावर दोन-तीन दिवसांनी शेंडे खुडायचा दिवस आला. झाडांना पानांच्या चार जोड्या झाल्या होत्या. शीला आता अंगणापर्यंत येत नव्हती. मागच्या खोलीच्या खिडकीशी खाट सरकवली होती, तिथून तिला कुंड्या दिसायच्या. मी एकेक शेंडा नखानं मोडत गेलो. आठ झाले. नवव्याशी, टाकीच्या बाजूच्या कुंडीशी, माझा हात थांबला.

माझ्या डोक्यात फळ्यावरचं झाड आलं. खुडला तर जानेवारी. नाही खुडला तर डिसेंबर. डॉक्टर दिवाळीपर्यंतचं बोलले होते, आणि दिवाळी तर निघून गेली होती. मी मनाशी ठरवलं की एक फूल, निदान एक, तिला दिसलं पाहिजे. खिडकीतून तिनं विचारलं, "अजी, तिकडच्याचा राह्यला काय?" मी म्हणालो, "खुडला ना." मी पाठ अशी करून उभा होतो की तिला दिसू नये.

त्या एका कुंडीची मी जी बडदास्त ठेवली, तेवढी माझ्या पोरीचीही कधी ठेवली नसेल. उन्हाप्रमाणे कुंडी फिरवायचो. शेणखताचं पाणी गाळून घालायचो. दिवाळीनंतर जिनिंगा, कापसातली सरकी काढायच्या गिरण्या, सुरू झाल्या आणि हवेत सरकी-कापसाचे बारीक तंतू उडायला लागले, पानांवर बसायला लागले. शीला दरवर्षी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायची. मी हातरुमाल ओला करून त्या झाडाची पानं आधी पुसायचो, मग बाकीची. नोव्हेंबरच्या मधेच शेंड्याला हरभऱ्याएवढी हिरवी कळी दिसली. मी शाळेतल्या पोरासारखा आत पळत गेलो, आणि दाराशी थांबलो, कारण सांगणार काय? मी तर खुडलं म्हटलं होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शीला गेली. सकाळी साडेदहाची वेळ होती. प्रज्ञा आदल्या दिवशीच आली होती, दोघांनी तिचे दोन हात धरले होते. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिच्या फोटोला बाजारातून आणलेली शेवंती वाहिली. अंगणात तेव्हा एकही फूल नव्हतं.

जानेवारीत डेलिया फुलला. नऊच्या नऊ कुंड्या फुलल्या, सगळ्या पसरून, एकेका झाडाला पाच-सहा फुलं. ताटलीएवढी जांभळी फुलं, कामट्यांना बांधूनही वाकलेली. कामट्यांना बांधायला तिच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या मीच फाडल्या होत्या, ती सांगून गेली होती तशा. शेजारच्या शोभाताई कुंपणाशी उभ्या राहून म्हणाल्या, "सर, ताई पायजे होती." आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. डिसेंबरात मी बरेच दिवस दुपारपर्यंत उठतच नसे. पण डेलियाला सकाळचं पाणी चुकलं की तो दहा वाजता मान टाकतो. म्हणून उठायचो. पाणी घालायचो. उठलोच आहे तर चहा करायचो. पौष पौर्णिमेला टोपलीभर फुलं विहारात नेली, तिच्या जागी मी. मार्चमध्ये झाडं वाळली तेव्हा कंद काढले, सावलीत सुकवले आणि माठात कोरड्या रेतीत घालून तिच्या खाटेखाली ठेवले. आमच्याकडचा मे महिना भिंतींनासुद्धा तापवतो. दर पंधरा दिवसांनी रेतीवर पाण्याचा हबका मारत गेलो. ऑगस्टमध्ये पहिला कोंब दिसला तेव्हा प्रज्ञाला फोन लावला आणि मला बोलताच येईना. ती तिकडून म्हणत राहिली, "बाबा, काय झालं? बाबा, जेवले का तुम्ही?"

नऊच्या नऊ फुलल्या, असं मी वर लिहिलं. टाकीच्या बाजूची कुंडीही फुलली, जानेवारीतच, बाकीच्यांसारखी पसरून. तिचंच सांगायचं राहिलंय, आणि तेच सांगायला इतका वेळ लावतोय.

नोव्हेंबरचा शेवट होता. मी तिची औषधं आणायला बाजारात गेलो होतो. आलो, सवयीनं आधी मागे गेलो. बोराएवढी झालेली कळी जागेवर नव्हती. शेंडा मोडलेला होता, स्वच्छ, नखानं मोडतात तसा. मी आत गेलो. शीला खाटेवर बसली होती, धापा टाकत. भिंत धरून ती मागच्या दारातून कुंडीपर्यंत गेली होती आणि परत आली होती. चार दिवसांपासून तिला संडासापर्यंतही मी धरून नेत होतो.

"हे काय केलं तू?" मी विचारलं.

"खुडला. राह्यला होता."

"राह्यला नोता! ठेवलाता मी. मुद्दाम ठेवलाता!"

"मालूम हाये."

"मालूम हाये त काऊन खुडला? अक्कल हाये का काई? आता जानेवारीबिगर फूल येत नाई त्याले. जानेवारीत कोन पाहीन थे? तू राहशीन का?"

असं मी म्हणालो. ओरडून म्हणालो. जे तीन महिने तिच्यापासून लपवलं, डॉक्टरांच्या खोलीबाहेर तोंड धुऊन, हसरा चेहरा करून जे आत नेलं नाही, ते मी एका कळीपायी तिच्या तोंडावर फेकलं. शेजारी शोभाताईंच्या घरातला टीव्ही कोणीतरी बारीक केला.

शीलाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तिनं दम सावरला. मग माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुमी राहसान ना?"

तिचं ते बोलणं मला लागलं. वाटलं, ही मला टोमणा मारते आहे, की तुम्ही तर राहणार आहात, तुम्हाला काय. मी स्कूटरची किल्ली उचलली आणि वणेच्या पुलापर्यंत जाऊन उभा राहिलो. कठड्याला टेकून रडलो. परत आलो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी खिचडी लावली.

माझ्या शास्त्राचाही एक हिशेब सांगून टाकतो. त्या कळीचं फूल व्हायला आणखी पंधरा-वीस दिवस लागले असते. शीलाकडे बारा होते. म्हणजे शेंडा ठेवून काही मिळणार नव्हतंच. हे मला तेव्हाही अंदाजानं कळत होतं, आणि मी कळू देत नव्हतो.

तिचं बोलणं टोमणा नव्हता, हे मला समजायला पुढचा उन्हाळा उजाडावा लागला. तीस वर्षांत तिनं वॉर्डात किती बायका जाताना पाहिल्या, आणि किती नवरे मागे राहिलेले पाहिले. ती घरी येऊन सांगायची, अमक्याची बायको गेली अन् वर्षाच्या आत थो बी गेला, खात नोता, उठत नोता. ती सांगायची आणि मी पेपर वाचत हुं हुं करायचो. डिसेंबरातलं एक फूल मी तोडून तिच्यावर वाहिलं असतं आणि मग त्या अंगणात पाय ठेवला नसता, हे तिला माझ्याआधी माहीत होतं. माझ्यासाठी तिनं ते झाड जानेवारीपर्यंत नेलं. आणि तेवढं करून तिनं मला विचारलं होतं. खरंखुरं विचारलं होतं, उत्तर हवं म्हणून.

त्यानंतरच्या बारा दिवसांत आम्ही पाण्याच्या मोटारीबद्दल बोललो. पेरूला यंदा कीड आहे त्याबद्दल बोललो. तिच्या पेन्शनचे कागद कुठल्या पेटीत आहेत ते तिनं सांगितलं, प्रज्ञाला ओरडू नका म्हणाली, लुगड्याच्या चिंध्या किती रुंद फाडायच्या ते हातानं दाखवलं. रोज सकाळी मी चहा बशीत ओतून, फुंकर घालून तिला पाजत होतो. ती घोट घ्यायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मी विचारायचो, साखर कमी झाली का? ती म्हणायची, नाई, बरोबर हाये.

ती साखरेसाठी बघत नव्हती. नुसतं 'हो, राहीन' म्हणायचं होतं, शीला. बारा सकाळी तुझ्यासमोर बसलो आणि मी ते म्हटलं नाही.